पगार, बचत आणि परिमाण



"परिग्रह हे पाप आहे असं लहानपणापासून ऐकलं. मग दर महिन्याला एसआयपी भरणं, एफडी करणं हाही परिग्रहच झाला ना?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला तीन-चार जणींनी विचारला. सगळ्या पंचवीस ते तीसच्या आतल्या, पुण्या-बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या, आपल्याच शिरोळ-हातकणंगले-मिरज भागातल्या मुली. काहींनी थट्टेने विचारलं, एकीने मात्र अगदी मनापासून. तिच्या बचत खात्यात दोन लाख रुपये नुसते पडून होते आणि त्यांचं काय करायचं हे ठरवताना तिला धर्म आडवा येत होता. खरेदी करताना तो कधी आडवा आला नव्हता. हे तिला तोंडावर बोलले नाही, इथे लिहिते.

आपण श्राविका आहोत, आर्यिका नाही. मुनी आणि आर्यिका परिग्रह सोडतात. गृहस्थाला सांगितलेल्या पाचव्या अणुव्रताचं नावच परिग्रह-परिमाण आहे, आणि परिमाण म्हणजे माप. क्षेत्र, वास्तू, सोनं, धन, धान्य या सगळ्यांचं माप ठरवायचं आणि त्याच्या आत राहायचं. पण माप घालायचं तर आधी आहे किती ते मोजायला नको? जिला आपल्या कपाटात किती ड्रेस आहेत, खात्यात किती पैसे आहेत, कार्डावर किती देणं आहे हे माहीतच नाही, ती मर्यादा घालणार कशाची? दशलक्षण पर्वात आकिंचन्य धर्माच्या दिवशी हात जोडून बसायचं आणि घरी आल्यावर बँकेचा मेसेज न वाचता पुसून टाकायचा, हे मला पटत नाही. माझ्या मते नोकरी करणाऱ्या मुलीने महिन्याचा जमाखर्च बघणं हा या व्रताचाच भाग आहे. ते काम व्यवहाराचं आणि व्रत धर्माचं, अशी वाटणी करून आपण दोन्हीकडून सुटका करून घेतो.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात भोगोपभोग-परिमाणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. जन्मभरासाठी घेतलेला तो यम आणि ठरावीक मुदतीसाठी घेतलेला तो नियम. नियमाच्या मुदतीही दिल्या आहेत: एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, सहा महिने. जन्मभराचं माप घालायला आपल्या वयात भीती वाटते, ते साहजिक आहे. पुढे लग्न आहे, घर घ्यायचं असेल, मुलंबाळं होतील. पण एका महिन्याचं माप कोणालाही घालता येतं. पगार महिन्याने येतो, भाडं महिन्याने जातं, मग नियमही महिन्याचा.

आपल्याकडे हिशोबाची सवय नाही असं मुळीच नाही. दुकान असलेल्या घरांत दिवाळीला वहीपूजन होतं, भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर वीर निर्वाण संवताचं नवं वर्ष लागतं आणि नव्या वहीवर स्वस्तिक निघतं. आमचं घर शेतकऱ्याचं. आमच्याकडे पैसा यायचा तो ऊसबिलाचा, वर्षातून एक-दोनदा, ठोक. बिल खात्यावर पडलं की अण्णा आणि आई संध्याकाळी सोप्यात बसायचे. सोसायटीचं कर्ज, खताचं देणं, आमच्या फिया, किराणा दुकानाची उधारी, मंदिराचं, कोणाच्या लग्नाचा आहेर असं सगळं त्या एका रकमेतून वेगळं निघायचं. उरलेल्यात पुढचं बिल येईपर्यंत भागवायचं. ज्याचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं त्याला आपोआप मोजायची सवय लागते. पगाराचं तसं नाही. तो दर महिन्याला येतो, म्हणून तो येतच राहणार असं वाटतं. एकतीस तारखेला खातं रिकामं झालं तरी एक तारीख उद्याच असते. गेल्या काही वर्षांत आयटीतल्या कितीतरी जणांना एका ईमेलवर घरी बसावं लागलं. तेव्हा ज्यांच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला होता आणि ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्या चेहऱ्यांतला फरक मी आमच्याच मजल्यावर पाहिला आहे.

मी काय करते ते सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी देवदर्शन करून आले की बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयची यादी आणि कार्डाचं बिल घेऊन बसते. वेळ एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. (सामायिकाचाही काळ तेवढाच. एकाच्या जागी दुसरं नको, दोन्ही करावं.) अॅप वापरत नाही. अॅप खर्चाचे रंगीत गोल काढून देतं आणि आपण ते बघून खूश होतो. शंभर पानी वहीत हाताने 'चहा-सँडविच १८०' असं अकराव्यांदा लिहिताना जे कळतं ते गोल बघून कळत नाही.

माझ्या हातात ५४,००० रुपये येतात. तिघी मिळून राहतो, त्यात माझ्या वाटणीचं भाडं ९,५००. वीज, गॅस, नेट आणि कामाच्या मावशी मिळून २,०००. किराणा, भाजी, दूध आणि डबे ७,०००. बस, मेट्रो, रिक्षा आणि महिन्यातून एकदा गावी जाणं ३,५००. घरी ८,००० पाठवते. हे झाले ३०,०००. राहिलेल्या २४,००० मधून १४,००० बचत, २,००० दान, ३,००० वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी आणि ५,००० माझे स्वतःचे, म्हणजे कपडे, बाहेरचं खाणं, मैत्रिणींच्या वाढदिवसाच्या भेटी. हे ५,००० माझं परिमाण आहे. आकडा कोणाला कमी वाटेल, कोणाला जास्त. तो तुमचाही हाच असावा असं मुळीच नाही. मुद्दा एवढाच की आकडा आहे आणि तो महिना सुरू होण्याआधी ठरलेला आहे.

यात एक खर्च आपल्याच मुलींचा असतो, त्याबद्दल थोडं लिहायला हवं. रात्रीभोजन करायचं नाही तर ऑफिसमध्ये पाच-साडेपाचला जेवावं लागतं. कॅन्टीनमध्ये त्या वेळी वडापाव आणि कांदा घातलेलं काहीतरी असतं. कांदा, लसूण, बटाटा नसलेलं मागवायचं म्हटलं तर ताटामागे पन्नास-साठ रुपये जास्त आणि शिवाय पोचवण्याचे वेगळे. महिन्याला वीस दिवस मागवलं तर तीन-चार हजारांची गोष्ट होते. माझ्या ओळखीच्या दोघींनी "परवडत नाही" म्हणून नियम सोडला. मला वाईट वाटलं, पण त्यांना दोष देणार नाही. फक्त नियम महाग नव्हता, मागवणं महाग होतं, एवढं हिशोब लिहिला असता तर दिसलं असतं. आम्ही तिघी आता सकाळीच दोन डबे भरतो. दुपारच्या डब्यात भाजी-पोळी, पाचच्या डब्यात कधी दशमी आणि चटणी, कधी मुगाचं धिरडं, कधी दहीपोहे. रात्री घरी आल्यावर चूल पेटवायची नसते, त्यामुळे संध्याकाळ मोकळी मिळते हा वरचा फायदा.

खर्च लिहून झाले की मी त्यांच्यासमोर 'भो' आणि 'उ' अशी खूण करते. एकदा वापरून संपतं ते भोग: जेवण, चहा, सिनेमाचं तिकीट, रिक्षा. पुन्हा पुन्हा वापरता येतं ते उपभोग: कपडे, दागिने, मोबाइल, भांडी. ही वाटणी शास्त्रातलीच आहे आणि आजच्या कुठल्याही बजेटच्या पद्धतीपेक्षा मला ती जास्त उपयोगी पडते. कारण दोन्हीकडची गळती वेगळी असते. भोगातली गळती थेंबाथेंबाची, वीस-चाळीस-दीडशेची, यूपीआयवर अंगठा टेकवला की झालं. ती थांबवायला महिन्याची बेरीज डोळ्यासमोर आली तरी पुरतं. उपभोगातली गळती मोठी असते आणि ती हप्त्यांत लपते. 'नो कॉस्ट ईएमआय'वर घेतलेला फोन महिन्याला अडीच हजारच मागतो, म्हणून तो पन्नास-साठ हजारांचा आहे हे विसरायला होतं. आणि क्रेडिट कार्डावर फक्त किमान रक्कम भरून पुढे ढकलायची सवय लागली तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज पडतं. गावातल्या सावकाराला आपण नावं ठेवतो.

तिसरी एक खूण आहे, ती माझी सगळ्यात आवडती. रत्नकरंडकात अनर्थदंड-व्रताच्या अतिचारांत अतिप्रसाधन सांगितलं आहे. गरजेपेक्षा जास्त भोगोपभोगाची साधनं गोळा करून ठेवणं. मी त्याला 'अ' लावते. महिन्यापूर्वी आणलं आणि अजून वापरलं नाही अशी प्रत्येक वस्तू 'अ'. सेलमध्ये दोनावर एक फुकट मिळालेला कुर्ता 'अ'. जाहिरात बघून घेतलेलं सीरम 'अ'. न वापरलेली वस्तू स्वस्तात मिळाली असली तरी ती पूर्ण किमतीने वाया गेलेली असते. शिवाय आपल्याला तिच्या मागच्या हिंसेचाही विचार करायला हवा, एक सुती कुर्ता रंगवायला लागणारं पाणी आणि त्यातले जीव आपण कशासाठी खर्ची घातले, कपाटात ठेवायला?

आता ५०-३०-२० बद्दल. नोकरी लागली की पहिल्या महिन्यात कोणीतरी हा नियम सांगतंच: अर्धा पगार गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. हा नियम एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांच्या मुलीने २००५ साली अमेरिकेत लिहिलेल्या पुस्तकातून लोकप्रिय झाला. कर्जात बुडालेल्या तिथल्या कुटुंबांसाठी तो चांगला असेल. काहीच न करण्यापेक्षा तो इथेही चांगला. पण माझा त्याच्याशी मूळ तंटा टक्क्यांबद्दल आहे. ५४,००० पगारावर हौसेचे तीस टक्के म्हणजे १६,२००. उद्या पगार ७०,००० झाला तर हौस आपोआप २१,००० ची होते. काय बदललं? मी तीच, पाय दोन, पोट एक. पगारवाढीबरोबर इच्छेलाही वाढ देऊन टाकायची ही पद्धत आहे. परिमाण टक्क्यांत घालत नाहीत, ते आकड्यात घालतात. इतक्या साड्या, इतके तोळे, इतके रुपये. पगार वाढला तरी ती रेघ जागेवरच राहते, आणि मग वाढलेले पैसे कुठे जातील याचा विचार करणं भाग पडतं. महागाई आहे, भाडं वाढतं, म्हणून गरजांचा आकडा मी वर्षातून एकदा बदलते. हौसेचा दोन वर्षं बदललेला नाही. पाच हजारांत मजेत राहता येतं, खरंच.

मग बचत हा परिग्रह की नाही? माझं उत्तर असं: ज्या बचतीला नाव आहे ती गरज आहे, ज्या बचतीला नाव नाही ती हळूहळू लोभ होते. माझ्या १४,००० पैकी ५,००० अडीअडचणीच्या फंडात जातात. महिन्याचा आवश्यक खर्च ३०,०००, सहा महिन्यांचे १,८०,०००. दोन वर्षांत १,२०,००० झाले, अजून एक वर्ष लागेल. तो आकडा पूर्ण झाला की तिथे भरणं बंद. ४,००० पीपीएफमध्ये. तिथे वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, मुदत १५ वर्षांची, आणि व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात, म्हणून पैसे पाच तारखेच्या आत भरायचे. राहिलेले ५,००० म्युच्युअल फंडात.

या फंडाबद्दल आपल्या बायका विचारत नाहीत ते मी विचारते: आपला पैसा जातो कुठे? घरात अंडं येऊ देत नाही आणि गुंतवणुकीतून मात्र मद्याच्या, मांसाच्या, तंबाखूच्या धंद्याचे भागीदार होतो, हे कसं चालतं? निफ्टी ५० ची यादी काढून बघा, त्यात सिगारेट विकणारी कंपनी आहे. म्हणजे 'सरळ इंडेक्स फंड घे' हा सोपा सल्ला आपल्याला तितका सोपा नाही. फंडांना आपल्याकडच्या शेअरची यादी दर महिन्याला जाहीर करावी लागते, ती बघता येते. मी माझ्यापुरती रेघ ओढली आहे: ज्या फंडात असे धंदे आहेत तो घ्यायचा नाही, मग परतावा एखादा टक्का कमी आला तरी चालेल. माझा चुलतभाऊ म्हणतो, इतकं बघत बसलं तर बँकेतसुद्धा पैसे ठेवता येणार नाहीत, बँकही कोणाकोणाला कर्ज देतेच. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण पाणी गाळूनही काही सूक्ष्म जीव राहतातच म्हणून कोणी गाळणं सोडत नाही.

परिग्रह-परिमाणाचे अतिचार सांगताना अतिसंग्रह आणि लोभ यांच्याबरोबर विस्मय हाही सांगितला आहे. पाठशाळेत आमच्या बाई त्याचा अर्थ दुसऱ्याचं वैभव बघून थक्क होणं असा सांगायच्या. लहानपणी वाटायचं, थक्क होण्यात काय दोष? आता रात्री मोबाइलवर वर्गमैत्रिणींची घरं, गाड्या आणि सहली बघताना समजतं. महिन्याचा हिशोब बघा, 'अ' लागलेल्या वस्तूंतल्या निम्म्या कोणाचं तरी काहीतरी बघून घेतलेल्या असतात.

आता जे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. आपल्या मुली शिकल्या, इंजिनिअर झाल्या, सीए झाल्या. पण त्यांच्या पैशाचा हिशोब कोणाकडे असतो? लग्नाआधी वडिलांकडे, नंतर नवऱ्याकडे. एटीएमचा पिन भावाला ठाऊक, बँकेत जोडलेला मोबाइल नंबर वडिलांचा. मुलीला विचारलं तर, "पप्पा बघतात, मला त्यातलं कळत नाही." कंपनीचं ऑडिट करणाऱ्या मुलीच्या तोंडून मी हे ऐकलं आहे! यात कोणी कोणाला फसवतं असं म्हणत नाही. बहुतेक घरांत ते मायेपोटीच होतं. पण मायेपोटी घेतलेले निर्णय चुकतातही. माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या पगारातून नातेवाईक एजंटने वर्षाला सत्तर हजारांचा हप्ता असलेली, विमा आणि बचत एकत्र केलेली पॉलिसी गळ्यात मारली. कारण काय तर टॅक्स वाचतो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर पडत नाही, आणि त्या प्रणालीत ८०सी ची ही वजावटच नाही. तिचा पगार त्याच्या बराच खाली आहे. वाचवायला कर होताच कुठे? तिने स्वतः बघितलं असतं तर पाच मिनिटांत समजलं असतं, पण बघायचं काम तिचं नव्हतं.

तसंच पतसंस्थेचं. आपल्या भागात गावोगाव पतसंस्था आहेत, संचालक ओळखीचे असतात, व्याज बँकेपेक्षा एक-दीड टक्का जास्त मिळतं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. ठेवू नका असं मी म्हणत नाही, चांगल्या चाललेल्या संस्थाही आहेत. पण मुलीच्या पाच वर्षांच्या कमाईची ठेव तिथे ठेवायची की नाही हे मुलीने ठरवावं, पावती तिच्या हातात असावी आणि मुदत तिला ठाऊक असावी.

काही जणी म्हणतील, म्हणजे आता मुलीने आई-वडिलांपासून पैसे लपवायचे का? उलट. मी घरी ८,००० पाठवते, माझी वही अण्णांना दाखवते, त्यांचा सल्ला घेते. जमिनीतलं त्यांना जितकं कळतं तितकं मला कधी कळणार नाही. दाखवणं वेगळं आणि सोपवून देणं वेगळं. आणि सासूबाईंच्या वयाच्या वाचकांना एक विनंती: सून नोकरी करत असेल तर तिच्या पगाराचा आकडा विचारण्यापेक्षा ती तिचा हिशोब लिहिते का, हे विचारा.

दानाचं थोडक्यात सांगते. देवपूजा, गुरुउपास्ती, स्वाध्याय, संयम, तप आणि दान ही श्रावकाची सहा नित्य कर्तव्यं आहेत. दान त्यात आहे, म्हणजे ते रोजचं आहे, उरलं तर करायचं नाही. माझ्या यादीत ते बचतीच्या शेजारी, हौसेच्या वर आहे. २,००० पैकी निम्मे आहार आणि औषधदानाला, निम्मे शिकणाऱ्या एखाद्या मुलीच्या फीसाठी. पंचकल्याणकात किंवा विधानात उत्साहाच्या भरात बोली बोलली असेल तर ती रक्कम देणं म्हणून वहीत पहिल्या ओळीवर लिहायची, फेडेपर्यंत. मांडवात नाव पुकारलं गेलं आणि पैसे दोन वर्षांनी दिले, असं करणाऱ्यांत बायकाही असतात, सांगायला संकोच वाटतो.

सोन्याचा विषय निघाला की मला लक्ष्मीबाई पाटील आठवतात. कर्मवीर भाऊराव आपल्या कुंभोजचे हे आपण अभिमानाने सांगतो, लक्ष्मीबाईंचं नाव मागून येतं. साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले, मंगळसूत्रसुद्धा. रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत शिकलेल्या मुली आपल्या घराघरांत आहेत, माझी आई त्यातलीच एक. सोनं अडचणीला उपयोगी पडतं असं म्हणून आपण ते घेत राहतो. कोणाच्या अडचणीला, हे लक्ष्मीबाईंना माहीत होतं. आजच्या मुलींना माझं एवढंच म्हणणं आहे, तोळ्यांचं परिमाण घाला. घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी जाऊन मोडताना हातात किती येतं तेही सराफाकडे एकदा विचारून बघा.

काही बारीकसारीक राहिलं. ऑफिसचा आरोग्य विमा नोकरी असेपर्यंतच असतो, म्हणून स्वतःचा आणि आई-वडिलांचा वेगळा असलेला बरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. त्याचा हप्ता वर्षातून एकदा येतो आणि तेव्हा सगळ्यांची तारांबळ उडते. माझे वर्षाच्या खर्चाचे ३,००० त्यासाठीच आणि लग्नाच्या हंगामातल्या आहेरासाठी आहेत. नोकरी बदलली की ईपीएफ काढून घेऊ नका, नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि ते पैसे बहुधा नव्या फोनमध्ये जातात. लग्न झालं की ईपीएफचं नॉमिनेशन पुन्हा भरावं लागतं, आधीचं चालत नाही. पीपीएफ, बँक, फंड, सगळीकडे नॉमिनी कोण आहे ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि ती वही कुठे आहे हे घरात एकाला तरी सांगा.

घरीच असणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, आम्हाला पगारच नाही, आम्ही काय मोजायचं? घरखर्चाचे हातात येणारे पैसे, भिशीची रक्कम, माहेरहून मिळालेलं, शिवणकामाचे, पापड-लोणच्याचे. मोजायला पुष्कळ आहे. माझ्या आईचं बँकेतलं पासबुक तीन वर्षं भरून घेतलेलं नव्हतं. गेल्या सुट्टीत ती आणि मी बँकेत जाऊन ते भरून आणलं. त्यात गॅसच्या अनुदानाच्या बारीक रकमा साठून सहा हजारांच्या वर गेल्या होत्या. त्यातले दोन हजार तिने त्याच आठवड्यात गावातल्या एका मुलीच्या बारावीच्या पुस्तकांसाठी दिले आणि उरलेल्यांचं काय करायचं ते अजून तिचं ठरलेलं नाही. मी विचारलं तर म्हणते, "माझे आहेत, मी बघीन."